बुबुळाचा अल्सर बरा झाला, जंतू मेले, मग नजर का परत येत नाही?

मधलीसुट्टी
बरेच दिवस लिहू की नको करत होते. एका डोळ्याने टाईप करतेय म्हटलं तर नाटकी वाटेल, कारण दोन्ही उघडे आहेत. कामाचा मात्र एकच.

चौदा वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते. तीन महिन्यांपूर्वी एका रात्री उशीर झाला आणि लेन्स न काढताच झोपले. पहिल्यांदाच नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगते. सकाळी उजवा डोळा खुपत होता. लेन्स काढली, नळाच्या पाण्याने डोळा धुतला, केस गेला असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी डोळा लाल. घरात जुने थेंब होते ते घातले. रात्री तीनला ठणक्याने जाग आली. दिवा लावला तर उजेड सोसेना.

सकाळी आरशात बघितलं तर बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. डावा डोळा हाताने झाकला आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की समोरच्या खिडकीचे गजच दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतोय. दोन्ही डोळे उघडे असताना काहीच जाणवलं नव्हतं.

दवाखान्यात डोळ्यात भगवा रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. मग बधिर करायचे थेंब घालून पात्याने बुबुळ खरवडलं आणि ते काचपट्ट्यांवर घेतलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "लेन्स आणि डबी आणलीत का?" नशिबाने बहिणीने पर्समध्ये टाकली होती. पहिले दोन दिवस दर अर्ध्या तासाने थेंब, रात्रीसुद्धा. दोन बाटल्या, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. बहीण वहीत टिकमार्क करत बसायची. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्यात) स्यूडोमोनास नावाचा जंतू आला, बुबुळातून आणि लेन्सच्या डबीतूनही.

आता लाली नाही, दुखणं नाही. डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन पूर्ण गेलं. नजर ६/३६, म्हणजे इतरांना ३६ मीटरवरून दिसतं ते मला सहा मीटरवरून. चष्म्याने फरक नाही. "व्रण राहिलाय, थांबू या" एवढंच उत्तर मिळतं. जंतू मेले तर नजर का नाही आली? आणि पुढे काय? कोणी यातून गेलंय का?

---

पायवाट
बाप रे. वाचतानाच डोळे चोळावेसे वाटले, मग म्हटलं नकोच. मी तर प्रवासात सर्रास लेन्स घालून झोपते.

---

उंटावरचा
थोडं वेगळं मत. डोळे लाल झाले की सगळे अँटिबायोटिकच्या मागे लागतात. माझे दोन वेळा आले, दोन्ही वेळा काही न करता आठवड्याभरात गेले. शरीर स्वतःला दुरुस्त करतं. उगाच घाबरवणारे धागे नकोत.

---

दृष्टांत
(डोळ्यांचा डॉक्टर आहे, पण इथे कोणाचा डोळा तपासलेला नाही हे लक्षात ठेवून वाचा.)

उंटावरचा, तुमचे "आले" होते ते डोळे येणं. ते बहुतेकदा विषाणूमुळे येतात आणि आपले आपण जातात, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण ते पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचं दुखणं. तिथे रक्तवाहिन्या भरपूर, दुरुस्ती पटकन. मधलीसुट्टी यांचं झालं ते बुबुळाच्या पारदर्शक काचेचं, म्हणजे कॉर्नियाचं. तिथे रक्तवाहिनी एकही नाही. आरपार दिसावं म्हणूनच नाही. त्याची किंमत अशी की शरीराची फौज तिथे पोचायला वेळ लागतो.

डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, पापण्या चिकटतात, चुरचुरतं, पण चिपडं पुसली की दिसतं नीट. ठणका, उजेड न सोसणं, नजर कमी होणं, बुबुळावर पांढरं, यातलं एक जरी असलं तरी ते "डोळे आले" नाहीत. लेन्स वापरणाऱ्याने तर नुसत्या लाल डोळ्यालासुद्धा त्याच दिवशी दाखवावं.

आता मूळ प्रश्न. ही काच मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यातला नव्वद टक्के भाग कोलॅजनच्या तंतूंचा. ते तंतू इतके सारख्या अंतरावर आणि सारख्या जाडीचे असतात की उजेड न विखुरता पार जातो. स्यूडोमोनास असे पाचक रस सोडतो की हे तंतू विरघळतात. त्यात आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला येतात आणि त्यांचेही रस त्याच तंतूंवर पडतात. जोरदार संसर्गात दोन-तीन दिवसांत काचेला भोक पडू शकतं. थेंबांनी जंतू मेले तेव्हा तंतू आधीच गेलेले होते. त्या जागी शरीराने भर घातली, पण ती गवताच्या गंजीसारखी, आडवीतिडवी. आपण म्हणतो ना "डोळ्यात फूल पडलं", ते हेच.

एक विचारतो. तपासणीच्या कागदावर "पिनहोल" असं लिहून पुढे काही आकडा आहे का?

---

मधलीसुट्टी
कागद शोधला. उजवा ६/३६, त्याखाली पीएच असं काहीतरी आणि ६/१२. हे काय असतं?

---

दृष्टांत
ही चांगली बातमी आहे, आणि ती तुम्हाला कोणी समजावून सांगितली नाही याचं वाईट वाटतं.

पीएच म्हणजेच पिनहोल. काळ्या चकतीला बारीक भोकं असतात, त्यातून तुम्हाला अक्षरं वाचायला लावली असतील. बारीक भोकातून उजेडाची एक सरळ रेघच आत जाते, त्यामुळे काचेच्या वेड्यावाकड्या पृष्ठभागाचा त्रास कमी होतो. फूल दाट असून तेच नजर अडवत असतं तर भोकातूनही फार फरक पडला नसता. तुमची नजर ६/३६ वरून ६/१२ वर गेली. म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यापाशी (रेटिना) मोठा बिघाड नाही आणि जास्त दोष पांढरेपणाचा नाही, आकाराचा आहे. डोळ्याच्या एकूण भिंग-शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश या काचेच्या पृष्ठभागाची असते. तिथे खळगा पडला की सगळं चित्र पसरतं. चष्मा अशा खळग्याला पुरा पडत नाही, कारण तो गोल किंवा एका दिशेचा दोष काढतो, ओबडधोबड दोष नाही.

कडक लेन्स तो काढू शकते. तुमची होती तशी मऊ नाही, कडक. मऊ लेन्स खळग्याचाच आकार घेते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही, आणि खालच्या फटीत अश्रू भरून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. स्क्लेरल नावाची मोठी कडक लेन्स पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळाला शिवतही नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते "थांबू या" म्हणाले तेही चूक नाही. व्रण वर्षभर आकार बदलत राहतो, हळूहळू थोडा विरळही होतो.

---

मधलीसुट्टी
परत लेन्स?? त्याच डोळ्यात?

---

उंटावरचा
माझा प्रतिसाद मागे घेतो. फरक माहीत नव्हता. शंका: केमिस्टकडे लाल डोळ्यासाठी थेंब मागितले की देतात, मीही आणलेत. डोळा दोन दिवसांत पांढरा होतो. मग त्यात वाईट काय?

---

गोळीकाढा
औषधांच्या दुकानातच आयुष्य गेलंय म्हणून बोलतो. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. लाली उतरते ती स्टिरॉइडने. गिऱ्हाईक खूश, आत काय चाललंय ते झाकलेलं. जंतूऐवजी बुरशी किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू असला तर ते आगीत तेल. आम्ही चिठ्ठीशिवाय देत नव्हतो, त्यावरून रोज एक भांडण ठरलेलं.

आणि मधलीसुट्टी, जुनी बाटली. उघडल्यावर साधारण महिन्याभरात फेकायची, आत औषध शिल्लक असो नसो. टोक पापणीला लागलं की बाटलीत जंतू शिरू शकतात. २०२३ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या कोरडेपणासाठीच्या थेंबांतूनच औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास पसरला होता. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची नजर गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. सीलबंद बाटल्या होत्या त्या.

---

पायवाट
सीलबंद?! मग माणसाने करायचं काय.

---

दृष्टांत
तो प्रकार विरळा, त्यामुळे थेंब सोडू नका. लेन्स घालून झोपणं मात्र अजिबात विरळा नाही. १९८९ मध्ये आलेल्या अमेरिकी पाहणीत दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० जणांत वर्षाला साधारण ४ जणांना असा अल्सर झाला, रात्रभर ठेवण्याच्या लेन्स वापरणाऱ्यांत साधारण २१. पुढे लेन्स सुधारल्या, आरपार जास्त ऑक्सिजन जाऊ लागला, वाटलं आकडा खाली येईल. २००८ च्या ऑस्ट्रेलियन पाहणीत रात्री ठेवणाऱ्यांचा आकडा तसाच, २० च्या आसपास. म्हणजे प्रश्न नुसत्या ऑक्सिजनचा नाही. मिटलेल्या पापणीखाली पापण्यांची उघडझाप बंद, अश्रू साचलेले, आणि जंतू लेन्सला चिकटून बसलेला.

नळाच्या पाण्याचंही सांगून टाकतो. त्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, त्याचा अल्सर स्यूडोमोनासपेक्षा चिवट. लेन्स असो की डबी, पाणी लावायचं नाही.

---

उंबरठा
आमच्याकडे लेन्सचा नाही, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा अनुभव आहे. जंतू बाहेरून काचेवर नाही, थेट डोळ्याच्या आत.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि बाबांनी भिंतीवरचं घड्याळ वाचलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज जरा धूसर आहे." दुखतं का विचारलं तर थोडं. ऑपरेशननंतर चालायचंच असं ते आणि आईही म्हणत होती. मी बॅटरी मारून बघितलं तर बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरट रेघ, पाण्याची पातळी असावी तशी आडवी. काय ते कळलं नाही, पण फोन केला. पलीकडून एवढंच विचारलं, "किती वेळात पोचताय?"

ती रेघ म्हणजे पू, डोळ्यात खाली साचलेला. त्या रात्रीच डोळ्याच्या आतून नमुना घेऊन आत दोन इंजेक्शनं दिली, व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम. तेव्हा बाबांना डोळ्यासमोर हात हलवला तेवढंच दिसत होतं. आज दोन महिन्यांनी ६/१८. मोठी अक्षरं वाचतात. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय, हा विषय घरात कोणी काढत नाही.

---

दृष्टांत
याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजार मोतीबिंदू ऑपरेशनांत साधारण एखाद्याला होतो, बहुतेकदा पहिल्या आठवड्यात. जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरचे, नेहमीच्या वस्तीतले. म्हणून ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात. इथे काचेपेक्षा वाईट गोष्ट अशी की पू पडद्याला भिडतो. काच बदलता येते, पडदा बदलता येत नाही.

सगळ्यांवर लगेच मोठं ऑपरेशन करून डोळ्यातली जेली काढावी का, यावर १९९५ मध्ये ४२० रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना फक्त उजेड कळत होता त्यांनाच त्याचा स्पष्ट फायदा झाला. हात हलवलेला दिसत असेल तर इंजेक्शनांनीही तेवढंच साधलं. तुमच्या वडिलांना "हात दिसतोय का" असं परत परत विचारलं असेल, ते याचसाठी.

मातीत पडून किंवा लोखंडाचा कण घुसून डोळा फाटला तर बॅसिलस नावाचा जंतू शिरतो. तिथे दिवसांचा हिशोब नसतो, तासांचा असतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

---

जुनीपाटी
इतिहासाची खाज असल्यामुळे थोडं अवांतर. एके काळी अंधशाळांमधली कितीतरी मुलं जन्माच्या वेळी आईकडून आलेल्या गोनोरियाच्या जंतूने आंधळी झालेली असत. हा जंतू धडधाकट काचही भेदतो, खरचटलेली लागत नाही. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक बाळाच्या डोळ्यात जन्मताच २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात दर शंभरात दहा बाळांना होणारा हा आजार एक टक्क्याच्याही खाली आला. पेनिसिलिनच्या कितीतरी आधी!

आणि खुपऱ्या. आजीच्या पिढीला हा शब्द सांगावा लागत नाही. तोही जंतूच, क्लॅमिडिया. पण तो काच खात नाही. पापणीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं व्रण पडतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहतात. आपल्याच पापणीने आंधळं होणं!

---

उंटावरचा
अवांतर असलं तरी आवडलं. मग स्टिरॉइड सगळ्यांनाच वाईट का? मधलीसुट्टी यांना जंतू मेल्यावर दिलं असतं तर फूल कमी झालं असतं?

---

दृष्टांत
अगदी हाच प्रश्न घेऊन मोठी चाचणी झाली. ५०० रुग्ण, बहुतेक मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या शाखांमधले, निकाल २०१२ मध्ये. कल्चरमध्ये जंतू सिद्ध, ४८ तास अँटिबायोटिक झालेलं, मग अर्ध्यांना स्टिरॉइडचे थेंब, अर्ध्यांना स्टिरॉइड नसलेले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांची नजर जवळपास सारखी. ज्यांची सुरुवातीची नजर फारच खराब होती त्यांना थोडा फायदा दिसला. म्हणून आम्ही माणूस बघून ठरवतो. फरक एवढाच की खरवडून, जंतू ओळखून, दोन दिवसांनी दिलेलं स्टिरॉइड वेगळं, आणि लाल डोळा बघून दुकानातून आणलेलं वेगळं.

---

एकडोळाराजा
नावावरून कळलं असेल. माझा न्यूमोकोकस नावाच्या जंतूचा अल्सर, सात वर्षांपूर्वी, भोक पडलं, घाईत दान केलेल्या बुबुळाचं रोपण करावं लागलं, ते टिकलं नाही. डॉक्टरांनी विज्ञान सांगितलंय, मी रोजचं सांगतो.

ग्लासात पाणी ओतताना जगची चोच ग्लासाच्या काठाला टेकवून ओता, नाहीतर पाणी टेबलावर. जिन्याची शेवटची पायरी फसवते, पायाने चाचपा. कोणी हात पुढे केला तर हवेत शेकहँड होतो, दोन-चार वेळा हसं होतं. गेलेल्या बाजूने कोणी आलं तर दचकायला होतं, म्हणून जेवताना मी भिंतीकडे तो डोळा करून बसतो. साताठ महिन्यांत मेंदू अंतर मोजायला शिकतो, सावल्यांवरून, डोकं किंचित हलवून. गाडी चालवायचं मात्र तपासणी करून, विचारूनच.

आणि चांगल्या डोळ्याला जपा हो. कुठलंही ठोकाठोकीचं काम असलं की मी संरक्षक गॉगल घालतो, घरचे हसले तरी.

---

मधलीसुट्टी
जगची चोच! मी तीन महिने ग्लास सिंकमध्ये ठेवून भरतेय. कोणाला सांगायची लाज वाटत होती. थँक्यू.

रोपणाबद्दल विचारायचं राहिलं. माझं करता येईल का?

---

दृष्टांत
येईल, पण घाई कशाला. पहिलं यशस्वी बुबुळ रोपण एडुआर्ड झिर्म यांनी डिसेंबर १९०५ मध्ये (आजच्या चेक देशातल्या) ओलोमूत्सला केलं, म्हणजे शस्त्रक्रिया जुनी आणि मुरलेली आहे. शांत, थंड डोळ्यात ती चांगली टिकते. एकडोळाराजा यांची झाली ती पेटलेल्या डोळ्यात, डोळा वाचवण्यासाठी, तिथे टिकण्याची शक्यता मुळात कमी. पण नव्या काचेलाही केसापेक्षा बारीक टाके असतात, ते वर्षभर किंवा जास्त राहतात, टाक्यांच्या ओढीने पुन्हा तिरपा नंबर येतो आणि कधीकधी शेवटी कडक लेन्सच लावावी लागते! शरीराने नवी काच नाकारू नये म्हणून थेंब वर्षानुवर्षं. लाली, उजेड न सोसणं, नजर उतरणं, दुखणं, यातलं काही झालं की धावत जायचं. ६/१२ लेन्सने मिळत असेल तर मी आधी लेन्स लावून बघेन.

---

पायवाट
डबी फेकली. प्रवासाच्या बॅगेत चष्मा ठेवला. एवढंच सांगायला आले.

---

मधलीसुट्टी
पाच आठवड्यांनी अपडेट.

डॉक्टरांशी बोलले, त्यांनी बुबुळाचा नकाशा काढला. रंगीत, डोंगराळ भागाचा असतो तसा, मधोमध खालच्या बाजूला निळा खड्डा. मग स्क्लेरल लेन्सची ट्रायल. चांगली बशीएवढी वाटली मला ती. (खरं तर नाण्याहूनही लहान आहे.) त्यात निर्जंतुक सलाईन काठोकाठ भरतात, मान खाली घालून आरशाकडे बघत डोळा तिच्यात बुडवायचा. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की सलाईन सांडून सांडून नॅपकिन भिजला. तिथल्या ताई म्हणाल्या, घाई नाही. त्यांनाही माझी फाईल माहीत होती.

सहाव्या खेपेला बसली. तक्ता ओळीओळीने वाचला, ६/१२ ची ओळ पूर्ण, खालच्या ओळीतली दोन अक्षरं चुकली. उजेडाला कडा आहेत अजून, दिव्याभोवती धुरकट वलय आहे, ते फुलामुळे आणि ते राहणार म्हणाले. पण डावा डोळा झाकून खिडकीकडे बघितलं. गज मोजले. आठ आहेत.

सध्या दिवसाला चार तास, हळूहळू वाढवायचे. मोबाईलमध्ये दर अर्ध्या तासाचे थेंबांचे गजर अजून तसेच पडून होते, ते एकेक करून पुसले. रात्री नऊचा एक ठेवलाय, लेन्स काढायचा.

---

दृष्टांत
छान. सलाईनची कुपी एकदा उघडली की उरलेलं फेका, दुसऱ्या दिवसाला ठेवू नका. आणि डोळा लाल दिसला तर नऊ वाजायची वाट बघू नका.